पथ्यपुरुष

आजारी मनुष्य पथ्य पाळतो; पथ्यपुरुष पथ्य चालवतो. पहिल्याला बरे वाटू लागले की त्याचे पथ्य सुटते. दुसऱ्याला बरे वाटू लागले तर पथ्य सुटेल, या धास्तीनेच पुन्हा अस्वस्थ वाटू लागते. पेन्शनीत निघाल्यावर कचेरी हातची गेल्यामुळे आणि घरात हुकूम चालवण्याजोगे एकही खाते शिल्लक नसल्यामुळे ज्या गृहस्थांची प्रशासनशक्ती निरुपयोगी होऊन पडते, त्यांच्यातून ही जमात विशेषेकरून निपजते. आणि दादरच्या शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर सकाळच्या प्रहरी तिचे जे नित्य अधिवेशन भरते, त्याचे अध्यक्षपद निर्विवाद नानांकडे आहे.

नाना मूळचे वेंगुर्ल्याकडचे. हयात गेली सरकारी हिशेबखात्यात. रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल किंचित वर सरकलेले पाहून डॉक्टरांनी त्यांना एक गोळी लिहून दिली आणि तळण, मीठ, साखर जरा बेताने घ्या, एवढेच सांगितले. परंतु वरून आलेल्या मोघम शेऱ्याचे कडक परिपत्रक करून खालच्यांना धाडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना इतका सैल हुकूम कसा रुचावा? नानांनी तेलतूप बरतरफ केले, शेंगदाण्यावर मनाई हुकूम बजावला, तिळाची चटणी आणि ओले खोबरे एकाच फर्मानाने हद्दपार केले. आणि जन्मापासून ज्याच्याशी घरोबा त्या बांगड्यालाही, त्याची बाजू ऐकून न घेता, स्वयंपाकघराच्या चतुःसीमेबाहेर काढले. ताटात उरले ते उकडलेला दुधी, पातळ मुगाचे वरण आणि कोरडा फुलका. थोड्याच दिवसांत नानांना जिना चढताना धाप लागू लागली आणि तिसऱ्या प्रहरी गळाल्यासारखे वाटू लागले. "अहो, पोटात काही गेले तर पाय उचलतील ना!" हे मालकीणबाईंचे निदान, परंतु ते विनामूल्य आणि घरचे असल्यामुळे तत्काळ दफ्तरी दाखल झाले.

अशा नाजूक समयी कट्ट्यावर कोणीतरी को-एन्झाइम क्यू टेनचे नाव काढले. आपल्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नामक सूक्ष्म कारखान्यांत अन्नाचे शक्तीत रूपांतर होत असता इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा हा हरकारा. 1957 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी तो वेगळा काढला, पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांच्या चमूने त्याची रचना उलगडली, आणि पेशीत शक्ती कशी साठते याची उपपत्ती मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना 1978 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ही सारी हकिकत नाना हल्ली अशा आत्मीयतेने सांगतात की, त्या निवड समितीचे चिटणीस तेच होते की काय, असे ऐकणाऱ्यास वाटावे. हे द्रव्य प्रथम गुरांच्या हृदयातून काढले गेले, हा तपशील मात्र ते गाळतात. कट्ट्यावर दोघे-तिघे माळकरी असतात. त्याचप्रमाणे, कोलेस्टेरॉल आवरणारी स्टॅटिनची गोळी शरीरातील ज्या वाटेवर नाका बसवते त्याच वाटेने हे द्रव्यही तयार होत असल्यामुळे त्याचे रक्तातील प्रमाण उतरते, हा पूर्वार्ध ते सर्वांना वाचून दाखवतात. परंतु ती तूट बाहेरून भरून काढल्याने थकवा किंवा अंगदुखी हटते की नाही, यावर संशोधकांत एकमत नाही, हा उत्तरार्ध वाचण्याच्या वेळी त्यांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो.

मग खरेदीचे प्रकरण रीतसर सुरू झाले. नानांनी आसपासच्या औषधवाल्यांकडून दरपत्रके मागवली, लांबरुंद वहीत रकाने आखले आणि दर मिलिग्रॅममागे पडणारा भाव काढून त्याची दुबार रुजुवात घेतली. युबिक्विनोन घ्यावे की युबिक्विनॉल, हा पहिला पेच. पहिले स्वस्त, दुसरे महाग; शरीर एकाचे दुसरे आणि दुसऱ्याचे पहिले गरजेप्रमाणे करून घेते, ही गोष्ट वाचूनही नानांचा कल दुसऱ्याकडेच झुकला, कारण अधिक वेतनश्रेणीचा नोकर अधिक काम करतो, ही त्यांची श्रद्धा नोकरीतील सर्व अनुभवांना पुरून उरली होती. रोजच्या आहारातून हे द्रव्य जेमतेम 3 ते 6 मिलिग्रॅम मिळते आणि बाकीचे शरीर स्वतःच बनवते, तर एका कॅप्सूलमध्ये ते चांगले 100 मिलिग्रॅम असते, हे कळल्यावर तर जुनी थकबाकी एकरकमी वसूल झाल्याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर झळकला. इतक्यात, कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचे, असा शोध लागला. मालकीणबाईंनी सोमवारचा प्रश्न उपस्थित केला, आणि डबीवर हिरवा ठिपका असलेला माल हुडकण्यासाठी नाना दादर, माटुंगा आणि माहीम पालथे घालून आले. "काका, कुठलीही घ्या, फार फरक नाही," असे एका दुकानदाराने म्हणताच त्याचे दरपत्रक बाद करण्यात आले. या भ्रमंतीत दादर स्थानकाचा पूल नानांनी कित्येकदा चढला-उतरला आणि एकदाही त्यांना धाप लागली नाही. परंतु या घटनेसाठी वहीत रकाना नसल्यामुळे तिची नोंद झाली नाही.

अखेर कॅप्सूल आली. नाना ती पहाटे अनशापोटी, कोमट पाण्याबरोबर, पूर्वेकडे तोंड करून घेऊ लागले. महिना लोटला तरी जिना पूर्वीइतकाच उंच राहिला. तेव्हा तक्रार घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "नाना, हे तेलातुपात विरघळणारे द्रव्य. उपाशीपोटी घेतलेत तर बरेचसे आले तसे निघून जाणार. घ्यायचेच असेल तर जेवणाबरोबर घ्या, आणि त्या जेवणात थोडी स्निग्धता असू द्या. शेंगदाणे, तीळ, बांगडा यांत तर ते मुळातच थोडेफार असते. ते तुम्हांला बंद करायला सांगितले कोणी?"

प्रसंग बिकट होता. हुकूम मागे घ्यावा तर चूक कबूल केल्यासारखे होते, आणि कोणत्याही खात्याच्या इतिहासात असा दाखला नाही. परंतु जातिवंत पथ्यपुरुषाला वाट सापडतेच. आयुर्वेदात औषधाबरोबर अनुपान सांगितलेले असते. तेव्हा कॅप्सूल अंगी लागावी एवढ्याच मर्यादित हेतूने, मूळ मनाई हुकूमास बाध न येता, दुपारी एक चमचा तूप, शेंगदाण्याची चटणी आणि आठवड्यातून तीन वार बांगड्याचे तिखले यांस नानांनी खास मंजुरी दिली. हद्दपार झालेला बांगडा अशा रीतीने कॅप्सूलचा हुजऱ्या म्हणून घरात परतला, आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच नाना जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढू लागले.

आता कट्ट्यावर प्रत्येक थकलेल्या जिवाला नाना त्या कॅप्सूलचे नाव, भाव आणि दुकान लिहून देतात. अनुपानाचा उल्लेख करत नाहीत, कारण ती किरकोळ बाब आहे. मालकीणबाईंनीही सोमवारचा प्रश्न फिरून काढलेला नाही. उलट, महिनाअखेर जवळ आली की त्याच आठवण करून देतात, "अहो, तुमची डबी संपत आली. आणि येताना बाजारावरूनच या. बांगडा ताजा आलाय म्हणतात."