मेंटेनन्सविरोधी सभासद

भिलईच्या अपार्टमेंटांत आढळणारा मेंटेनन्सविरोधी सभासद बहुधा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. उमेदीची वर्षं सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलेली. तिथे नळ गळला की तक्रार नोंदवायची, पुढचं कंपनी बघायची. इमारतही म्हातारी होते आणि तिच्या औषधपाण्याला पैसे पडतात, याची झळ पासबुकाला कधी लागलेली नसते. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर तो जुनवानी किंवा स्मृतीनगरकडे फ्लॅट घेतो.

पहिली काही वर्षं त्याचं सोसायटीशी उत्तम जमतं. लिफ्ट नवी, रंग ताजा, आणि २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर. या स्वस्ताईतला मेंटेनन्सचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसतो. पुढे लिफ्टचा वार्षिक करार महागतो, पंप जळतो, वॉचमन पगारवाढ मागतो, गच्ची झिरपू लागते. आकडा मात्र तोच.

वार्षिक सभेत तो हिशेबाची झेरॉक्स घेऊन पहिल्या रांगेत बसतो. सहा झाडू कशाला लागले, यावर अर्धा तास जातो. लिफ्टच्या दोराचा विषय चहा आल्यावर निघतो आणि ‘चालतेय ना?’ एवढ्यावर मिटतो. याच माणसाने नोकरीत कॅपिटल रिपेअरसाठी रात्री जागवलेल्या असतात. भट्टी बंद करून आतलं अस्तर वेळेवर बदललं नाही तर काय होतं, हे तो नातवालाही समजावून सांगतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला मात्र त्याच्या मते घाई नसते.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी सांगितला आहे. हे ऐकलं की छत्तीसगडात राहत असल्याचा त्याला विशेष आनंद होतो. निधी साठलेला नसतो, त्यामुळे पंधराएक वर्षांनी गॅलरीच्या स्लॅबची सळई दिसू लागली की सगळी रक्कम एकदम मागावी लागते. तळमजलेवाले लिफ्टचा वाटा नाकारतात, वरचे गच्चीचा खर्च सगळ्यांवर वाटायला सांगतात. हा मधल्या मजल्यावरचा; दोन्ही नाकारतो.

शेवटच्या अवस्थेत तो मुलाकडे पुण्याला जातो आणि फ्लॅट भाड्याने देतो. करारात मेंटेनन्स भाडेकरूकडे असतो. त्यानंतर दरवाढीच्या प्रत्येक ठरावाला त्याचा फोनवरून पाठिंबा असतो.