तीन वाट्यांचं गणित

लोअर परळचे काचेचे मनोरे आता इतके उंच झालेत, की वरच्या मजल्यांवरून खालची गर्दी दिसतच नाही. सोयच झाली म्हणायची.

हे मनोरे ज्या बंद कापड गिरण्यांच्या जागी उभे आहेत, त्यांच्या जमिनीचे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने सरळ तीन वाटे घातले होते: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती आली. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जागेची. जिथे शेड उभी आहे ती जमीन हिशेबात धरायची नाही. आता गिरणी म्हटली की शेड आलीच! २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती वैध ठरवली. मैदानं आखडली, मजले वाढले.

कामगारांना मात्र कुणी विसरलेलं नाही. चिमणी जपली आहे, मॉलला गिरणीचं नाव ठेवलं आहे. १९८२च्या संपानंतर आजोबांना ज्या फाटकातून बाहेर काढलं, तिथे नातवाला गणवेश चढवून मानाने उभं केलं आहे. म्हाडाच्या सोडतीत घर लागो न लागो, येणाऱ्या प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघण्याचा अधिकार आज त्याच्याकडेच आहे.