झोपेत जागा

झोपेच्या बाबतीत कर्जतकर अनुभवी असतो. पहाटे चारला उठायचं, अंघोळ-चहा उरकून लोकल गाठायची आणि भिवपुरी यायच्या आत पुन्हा झोपायचं. मुंबईपर्यंतचे शंभर किलोमीटर आम्ही डोळे मिटून पार करतो. आपलं स्टेशन आलं की जो तो बरोबर जागा कसा होतो, यावर मात्र अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही.

स्वप्नांवर लिहिले आहेत. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्न चालू असतानाच कळणं, याला ल्यूसिड ड्रीमिंग म्हणतात. हे नाव रूढ केलं फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मनोविकारतज्ज्ञांनी, १९१३ साली. पण झोपलेला माणूस ‘मला कळतंय, मी झोपलोय’ हे सांगणार कसं? ते कोडं सुटलं एप्रिल १९७५मध्ये, इंग्लंडच्या हल विद्यापीठात. स्वप्नांच्या रेम झोपेत हातपाय लुळे पडतात, डोळे मात्र हलतात. म्हणून कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्याशी खूण ठरवली : स्वप्नात शुद्ध आली की डोळे डावीउजवीकडे फिरवायचे. वर्स्लींनी झोपेत ते फिरवले आणि यंत्राच्या कागदावर तशा रेघा उमटल्या. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून दिलं. २०२१ साली चार देशांतल्या संशोधकांनी तर झोपलेल्यांना चक्क गणितं घातली. आठातून सहा गेले, राहिले किती? एकाने झोपेतच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. आमच्या हापिसात जागेपणी विचारलं तरी उत्तर सोमवारवर जातं.

मी या विद्येच्या नादी लागलो तो तिची कृती वाचून. पाचेक तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, मग परत झोपायचं. रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात म्हणून. म्हणजे कर्जतकराचा रोजचा दिनक्रमच! बाकी होतं ते घोकणं. ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे याची मला आठवण होईल,’ हे लाबर्जवचन पुटपुटत मी डोळे मिटायला लागलो. शेजारच्यांनी आदराने विचारलं, “अनुग्रह कुणाचा?”

खरी अडचण पुढे आली. दिवसभरात मधूनमधून ‘हे स्वप्न तर नाही?’ अशी परीक्षा घ्यायची असते. सवय लागली की ती स्वप्नातही घेतली जाते. परीक्षा पहिली : लिहिलेलं दोनदा वाचा, स्वप्नात मजकूर बदलतो. फलाटावरच्या इंडिकेटरकडे बघून हे करता येत नाही. परीक्षा दुसरी : बटण दाबा, स्वप्नात दिवा नीट लागत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही परीक्षा स्थगित ठेवावी लागते. परीक्षा तिसरी : भोवती काही अशक्य दिसतंय का पाहा. खालापूर तालुक्यात चौकजवळ, भाताच्या खाचरांच्या शेजारी ‘जोधा अकबर’साठी मोगलांचा महाल उभा राहिला होता. इथल्या माणसाने अशक्य म्हणावं तरी कशाला?

उरली चौथी : नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. स्वप्न असेल तर तो चालूच राहतो. ही परीक्षा मी परतीच्या गाडीत घेतली, तेव्हा शेजारच्या काकांच्या पिशवीत सुकट होती. काका म्हणाले, “एवढा त्रास होतो तर फर्स्ट क्लासने जा की!”

घरी आईला सगळा प्रकार समजावून सांगितला. “म्हणजे स्वप्नाला तू हुकूम सोडणार?” तिने विचारलं. “आपल्यात उलट असतं रे.” तिचे दाखले तयार होते. पहिला महडचा वरदविनायक, आमच्या शेजारचाच. १६९० साली मूर्ती तळ्यात सापडली, १७२५ साली सुभेदार बिवलकरांनी देऊळ बांधलं. पण मूर्ती तळ्यात आहे हे आधी भक्ताला स्वप्नात कळलं, अशी आख्यायिका. दुसरा दाखला तुकोबांचा. बाबाजी चैतन्यांनी त्यांना स्वप्नात मंत्र दिला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं राहून गेलं, हेही तुकोबांनी अभंगात सांगून ठेवलंय. “बघ,” आई म्हणाली, “एवढ्या मोठ्या माणसाचाही स्वप्नात स्वयंपाकघरावर ताबा नव्हता.”

तरी मी घोकत राहिलो, आणि एका सकाळी, गाडीत झोपलेल्या मला गाडीचंच स्वप्न पडलं. चौथ्या सीटवर मी निम्मा बाहेर लटकून बसलेलो. खिडकीतले गृहस्थ उठून म्हणाले, “या, तुम्ही बसा.” ऐन गर्दीत! मला लगेच संशय आला. नाक दाबलं. श्वास सुरळीत!

आता वाटेल ते शक्य होतं. इर्शाळगडावरून उडता आलं असतं, माथेरानला ढगांतून उतरता आलं असतं. मी काय केलं? खिडकीत बसलो. नवखा माणूस आनंदाने जागा होतो, तेव्हा हात चोळावेत म्हणजे स्वप्न टिकतं, असं वाचलं होतं. मी हात चोळत बसलो. तेवढ्यात टीसी आला.

“पास?”

“हे माझं स्वप्न आहे. तुम्ही मुळात नाहीच आहात.”

“सगळे असंच म्हणतात. पास दाखवा.”

स्वप्नात शुद्ध येणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं, असं अभ्यासक सांगतात, ते तेव्हा पटलं. मी निमूट पास काढला. तारीख वाचली, शिल्लक होती. पुन्हा वाचली, संपलेली होती. टीसीने पावतीपुस्तक उघडलं आणि मी दचकून जागा झालो. कुर्ला आलं होतं. खिशातला खरा पास काढून पाहिला : मुदत त्याच दिवशी संपत होती.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने हात जोडले. “ज्याची जशी भक्ती,” ती म्हणाली. महडच्या भक्ताला गणपती मिळाला, तुकोबांना गुरुमंत्र. मी तीन महिन्यांचा पास काढला.