आठ तारांची वाटणी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत देखभाल थांबली आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या माडीवरचा कॉम्प्युटर एका दिवसात म्हातारा ठरला. पुतण्या म्हणाला, "काका, टाकून कशाला देताय? लिनक्स घाला की."

घातलं. तासाभरात सगळं झकास. नेट तेवढं नाही.

नेट का नाही हे शोधायलाही नेटच लागतं. म्हणून मोबाईलवर वाचायचं आणि कॉम्प्युटरवर एकेक अक्षर टिपायचं, असा उद्योग सुरू झाला. पहिली ठेच नावाशी लागली. वायरच्या नेटला पूर्वी लिनक्सात सुटसुटीत 'ईटीएच०' म्हणत. आता पडद्यावर 'ईएनपी३एस०' दिसत होतं. म्हणजे ईथरनेट, तिसरी बस, शून्य नंबरचा खाचा. हे नाव कसलं, हा तर पत्ता! कोल्हापूरकराला ते पटायला वेळ लागत नाही. इथं घर नंबर कोण विचारतो? मिरजकर तिकटीवरनं या, तालमीपाशी वळा, पुढं कुणालाही विचारा.

ईथरनेट हे नाव बॉब मेटकाफ यांनी १९७३ साली ठेवलं, ते ईथरवरून. सगळीकडे भरून राहिलंय असं जुने शास्त्रज्ञ मानायचे आणि शेवटी जे कुठंच नाही असं ठरलं, ते ईथर. माझ्या माडीवर नाव अगदी सार्थ होत होतं.

मशीनची रोजनिशी उघडली. 'लिंक अप.' चार सेकंदांनी 'लिंक डाऊन.' पुन्हा अप, पुन्हा डाऊन. सॉकेटवरचा हिरवा दिवा गणपतीतल्या माळेसारखा लुकलुकत होता. मी ड्रायव्हर बदलला, राउटर बंद-चालू केला, तीनदा रिस्टार्ट मारला. शेवटी पुतण्याच म्हणाला, "काका, वायर बघितलासा काय?"

प्लग काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठ घरं, त्यातली चार रिकामी. नारिंगी आणि तिची पांढरी जोडीदार होती, हिरवी जोडीही होती. निळी आणि तपकिरी वायरच्या पोटातून निघून मुकाट्यानं भिंतीतून पलीकडे गेली होती, धाकट्या भावाच्या खोलीत.

मग आठवलं. भावाला नेट हवं होतं, दुसरी वायर ओढायचा कंटाळा होता, आणि मीच मोठ्या मनानं म्हणालो होतो, "आठ तारा हाईत की. चार तुला, चार मला." घराच्या वाटणीला आम्हाला नऊ वर्षं लागली, ही दहा मिनिटांत झाली आणि दोघंही खूश राहिलो.

शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. पण वेग ठरवायची बोलणी होतात पहिल्या दोन जोड्यांवरच. खासबागेत दोन पैलवान सलामी देऊन हात मिळवतात, तसं राउटर आणि कॉम्प्युटर एकमेकांना "हजार?" "हजार!" म्हणत होते आणि झोंबायला गेलं की निम्मे हात जागेवर नाहीत. जुन्या सिस्टीमला आम्ही कधीकाळी हातानं शंभरावर बसवलं होतं, ते साफ विसरलो होतो. लिनक्स म्हणजे नवा जावई. आल्या आल्या अख्खा वाडा आपलाच समजून बसला.

इथटूल नावाच्या आज्ञेनं एका ओळीत त्याला सांगितलं, बाबा, शंभरच माग. हिरवा दिवा स्थिर झाला. पिंग मारला, उत्तरं धडाधड येऊ लागली.

पुतण्याला मात्र चैन पडेना. "काका, दुसरी वायर ओढूया की. पूर्ण आठची. भिंतीला एक भोक पाडलं की झालं."

मी त्याच्याकडे बघितलं. भोक पाडायचं तर आधी ती भिंत कुणाच्या वाट्याची, ते ठरवावं लागणार.

"शंभर बास हाय," मी म्हणालो.