आधी बांधीवर विचारा

सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचं ई-पीक पाहणीचं ॲप 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झालं. चुकलेली नोंद शेतकऱ्याला स्वतः 48 तासांत दुरुस्त करता येण्याची सोय मात्र 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पहिल्यांदाच ॲप उघडणारा माणूस चुकणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लाखांदूर तालुक्यातल्या धानाच्या कुठल्याही बांधीवर विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कल्पना चांगली आहे. पूर्वी गाव नमुना 12 मध्ये पीक तलाठी लिहायचा. आता खातेदार शेतकरी स्वतः लिहितो, यात त्याचा मान आहे. म्हणूनच ती नीट राबवली जावी. लाखांदूर हा धानाचा तालुका. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल, तर आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकताना अडतं. मग घरचं पीक व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावं लागतं. ॲपची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होते, पण गेलेला हंगाम परत येत नाही.

ॲप कशासाठी आणि कोणासाठी, हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवावं लागतं. त्यासाठी रोवणीच्या दिवसांत बांधीवर उभं राहून चार गोष्टी विचाराव्यात. फोन कोणाकडे आहे? चिखलाने माखलेल्या हाताने नोंदीसाठी पिकाचा फोटो कोण काढणार? पाऊस लांबला, रोवणी मागे गेली, तर नोंदीची मुदत पुरते का? आणि शेत ठेक्याने केलं असेल, तर नोंद कोणाची? ॲपमध्ये नोंद खातेदाराच्या नावाने होते. घाम ठेक्याने शेत करणाऱ्याचा असतो. हा प्रश्न कोणत्याही नव्या बटणाने सुटणार नाही. तो आधी नियमात सोडवावा लागेल, मग ॲपमध्ये.

ॲप ठरवण्याच्या बैठकांना अधिकारी, तज्ज्ञ, कंपनीची माणसं असतातच. रोवणी करणारी बाई आणि ठेक्याने शेत करणारा माणूसही तिथे हवा, आणि तेही पहिल्या बैठकीला. ॲप तयार झाल्यावर त्यांना बोलावणं म्हणजे प्रशिक्षण, विचारणं नव्हे.

आता यात केंद्र सरकारच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाची भर पडली आहे. त्यातल्या प्रत्येक बदलाआधी गरजांची यादी मराठीत लिहा, ग्रामसभेत वाचा, लोकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्यात घाला. काम त्यानंतरच सुरू करा.