चौथाई, सरदेशमुखी आणि सीट

कामं वेळेत व्हावीत म्हणून एखादी कंपनी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवते, तेव्हा पहिलं लांबणारं काम म्हणजे ते सॉफ्टवेअर घेणं. त्याचं वेळापत्रक मात्र कोणी आखत नाही. समिती नेमली जाते. तीत आयटी, फायनान्स, पर्चेस आणि प्रत्यक्ष काम करणारी टीम असे चार पक्ष असतात आणि चौघांना चार वेगळी सॉफ्टवेअरं हवी असतात. शेवटी साहेबांनी मागच्या कंपनीत जे वापरलं होतं तेच ठरतं. तोवर सहा महिने गेलेले असतात आणि ज्या प्रकल्पासाठी हे सगळं चाललं होतं तो एक्सेलवर पूर्ण होत आलेला असतो.

मग दरपत्रक उघडायचं. सगळ्या कंपन्यांचं दरपत्रक एकाच साच्यातून निघालेलं. पहिल्या रकान्यात शून्य, दुसऱ्यात काही डॉलर, तिसऱ्यात त्याहून जास्त डॉलर आणि चौथ्या, ‘एंटरप्राइझ’ नावाच्या रकान्यात आकड्याऐवजी बटण : आमच्या सेल्स टीमशी बोला. आकडा का नाही, याचं उत्तर पहिल्याच कॉलवर मिळतं. समोरचा गोड आवाजात विचारतो, ‘सर, तुमचं बजेट साधारण किती?’ म्हणजे भाव मालाचा नाहीच, गिऱ्हाइकाचा आहे. तुमची माणसं किती, मागच्या वर्षी धंदा किती झाला, तुम्ही आधीच्या सॉफ्टवेअरला किती कंटाळला आहात आणि विकणाऱ्याची तिमाही संपायला किती दिवस उरलेत, यावर तो ठरतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जी सवलत ‘फक्त शुक्रवारपर्यंत’ असते, तीच जूनच्या शेवटच्या आठवड्यातही ‘फक्त शुक्रवारपर्यंत’ असते. आपल्या पर्चेसवाल्यांना हे ठाऊक असतं. तरी ते दर वेळी गुरुवारी रात्री पीओ काढतात.

आता ज्या रकान्यांत आकडे आहेत तिकडे वळू. दर माणशी, दर महिना, इतके डॉलर, आणि शेजारी एक बारीक फुली : वर्षाचे पैसे एकदम भरले तर. मायक्रोसॉफ्टच्या प्रोजेक्ट सॉफ्टवेअरचा उघड भाव बघा. ‘प्लॅन 1’चे 10 डॉलर, ‘प्लॅन 3’चे 30, ‘प्लॅन 5’चे 55. मधला घेतला आणि 500 माणसांना दिला, तर वर्षाचे 1,80,000 डॉलर होतात. रुपयांत हे दीड कोटीच्या पुढे जातं, त्यावर 18 टक्के जीएसटी. (त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, असं फायनान्सवाले सांगतील. सांगू द्या.) मंडे डॉट कॉममध्ये एकट्यानं यायचं असेल तरी किमान तीन सीट घ्याव्या लागतात आणि पुढे सीट पाचाच्या पटीत मिळतात. तुम्ही सहा जण असाल तर दहांचे पैसे भरा. उरलेल्या चार रिकाम्या सीटवर कोणाला बसवायचं, हा तुमचा प्रश्न.

खरी गंमत पायऱ्यांमध्ये आहे. अॅटलासियनचं जिरा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं, तर ‘डेटा सेंटर’ नावाचा परवाना. त्याची पहिलीच पायरी 500 माणसांची. तुम्ही साठ जण असा की चारशे, भाव पाचशेचाच. दुसरी पायरी 1,000 ची. म्हणजे 500 जणांच्या कंपनीत एचआरनं एक नवा पोरगा घेतला, की त्याच्या पगाराबरोबर न जन्मलेल्या 499 सहकाऱ्यांचा खर्चही कंपनीच्या डोक्यावर येतो. त्या पोराला ऑफर लेटर देताना हे कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर त्यानं पगारवाढ मागितली असती.

वर अॅड-ऑन आहेत. जिरात बऱ्याच गोष्टी थेट येत नाहीत, त्या बाजारातून वेगळ्या घ्यायच्या. नियम असा, की मूळ सॉफ्टवेअर जितक्या माणसांचं, अॅड-ऑनही तितक्याच माणसांचं. समजा, कंपनीतल्या तिघांना ठरावीक पद्धतीचा गँट चार्ट हवा आहे. तिघांचं काम, पैसे 500 जणांचे. उरलेल्या 497 जणांना तो चार्ट आपल्या नावावर आहे याचा पत्ताही नसतो. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरनं शंभरएक वर्षांपूर्वी हा चार्ट कागदावर आडव्या रेघा मारून लोकप्रिय केला. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीनं 1896 मध्येच तसंच काहीतरी आखलं होतं. दोघांपैकी कोणीही बघणाऱ्याच्या डोईमागे पैसे लावल्याची नोंद नाही. धंद्याची अक्कल कमी होती, दुसरं काय.

इतिहासच काढायचा तर आपलाच काढू. बाळाजी विश्वनाथ 1719 मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. चौथाई म्हणजे महसुलाचे 25 टक्के, सरदेशमुखी वरचे 10. त्या बदल्यात मुलखाला उपद्रव होऊ द्यायचा नाही, अशी बोली. आता आजची चौथाई बघा. ओरॅकलनं 2008 मध्ये प्रिमाव्हेरा विकत घेतलं. धरणं, मेट्रो, रिफायनऱ्या यांचं नियोजन ज्यावर चालतं आणि ज्याला प्लॅनिंग इंजिनिअर ‘पी-सिक्स’ म्हणतात, ते हे. ओरॅकलचा परवाना एकरकमी घेतलात, की त्यावर दरवर्षी ‘सपोर्ट’ म्हणून परवान्याच्या किमतीच्या 22 टक्के. चौथाईपेक्षा तीन टक्के कमी, म्हणजे सवलतच म्हणायची. फक्त पाच वर्षांत मूळ किंमत दुसऱ्यांदा भरून होते आणि वर दहा टक्के जास्त जातात. तिथे सरदेशमुखीही वसूल. मध्येच सपोर्ट बंद केला आणि पुढे पुन्हा हवासा वाटला, तर मधल्या काळाचे पैसे दंडासकट मोजा. अर्धे परवाने नको आहेत म्हणालात, तर उरलेल्या अर्ध्यांचा सपोर्ट नव्या भावानं मोजला जाण्याची सोय करारात आहे. माणसं निम्मी करूनही बिल निम्मं होत नाही. पेशव्यांच्या कारकुनांना ही कलमं सुचली असती, तर अटकेपार जायची गरज पडली नसती.

पैसे लागतात यात गैर काही नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचीही पोटं आहेत आणि त्यातली बरीच हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात भरतात. आक्षेप मोजण्याच्या एककावर आहे. हे सॉफ्टवेअर घेतलंच जातं यासाठी, की कामावरच्या सगळ्यांना एकच चित्र दिसावं. आणि पैसे बघणाऱ्याच्या डोईमागे. त्यामुळे घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कंपनी कामाला लागते ती चित्र कमीत कमी लोकांना कसं दिसेल यासाठी.

सीटकपातीची बैठक बघण्यासारखी असते. ‘गेल्या 90 दिवसांत लॉगिन न केलेले’ अशी यादी पडद्यावर येते आणि एकेक नाव उडतं. यादीत कोण असतं? जे काम करत होते ते. लॉगिन रोज कोण करतं? जे इतरांच्या कामाचे रिपोर्ट काढतात ते. म्हणून सीट त्यांच्या राहतात. काम करणाऱ्यांसाठी मग ‘टेस्टयूजर1’ नावाचं एक सामाईक लॉगिन निघतं. करारात याला सक्त मनाई असते, म्हणून त्याचा पासवर्ड फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. तीन आठवड्यांनी सॉफ्टवेअर सांगतं, की कंपनीतली 41 टक्के कामं टेस्टयूजर1 नं पूर्ण केली. वार्षिक मूल्यमापनात त्याला ‘अपेक्षेपेक्षा सरस’ शेरा मिळायला हरकत नाही.

बांधकामाच्या साइटवर हे जास्त उघडं दिसतं. मोठ्या टेंडरमध्ये अट असते, की कंत्राटदारानं कामाचं वेळापत्रक प्रिमाव्हेरात किंवा एमएस प्रोजेक्टमध्ये सादर करावं. कंत्राटदार एक परवाना घेतो आणि एक प्लॅनिंग इंजिनिअर. तो पोरगा महिनाभर साइट ऑफिसात एसीखाली बसून हजारो अॅक्टिव्हिटींच्या तारखा सरकवतो. महिनाअखेरीस त्याची पीडीएफ होते, पीडीएफची ए-थ्री प्रिंट निघते, प्रिंटवर तीन सह्या होतात. मग ती फायलीत जाते. सळई आज येणार की उद्या, हे मुकादमाला फोनवर कळतं. त्याच्याकडे सीट नाही. तो खुर्चीवरही क्वचितच बसतो.

स्मार्टशीटचं बघा. पूर्वी शीट बनवणाऱ्यानं परवाना घेतला, की ज्यांना ती पाठवली ते फुकट त्यात भर घालू शकत. लोक म्हणाले, वा. 2024 मध्ये नवी पद्धत आली. आता कंपनीतल्या बिनपरवान्याच्या माणसानं नुसतं बघून जावं. शीटला हात लावला, की आधी तात्पुरता सदस्य आणि नंतर हिशेबात जमा. त्याच वर्षी ब्लॅकस्टोन आणि व्हिस्टा या गुंतवणूकदारांनी ही कंपनी 8.4 अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा की नाही, ते ज्यानं त्यानं आपल्या बिलाकडे बघून ठरवावं.

आणि एकदाचं सगळं देऊन मोकळं व्हावं म्हणाल, तर तेही दार बंद होत आलंय. एके काळी हेच अॅटलासियन दहा माणसांपर्यंतचा सर्व्हर परवाना 10 डॉलरना देत असे, आणि ते पैसेही मुलांच्या शिक्षणासाठीच्या संस्थेला जात. तो कायमस्वरूपी परवाना होता, कागदोपत्री आजही आहे. नव्या परवान्यांची विक्री फेब्रुवारी 2021 मध्ये थांबली आणि 15 फेब्रुवारी 2024 ला सपोर्ट संपला. सॉफ्टवेअर चालवायला कोणी अडवत नाही, फक्त सुरक्षेची ठिगळं येणार नाहीत. ज्यांनी घाईघाईनं वर सांगितलेल्या डेटा सेंटरची पायरी चढली, त्यांना 2025 मध्ये कळवण्यात आलं, की मार्च 2029 मध्ये तेही संपेल. मायक्रोसॉफ्टनं ‘प्रोजेक्ट ऑनलाइन’ बंद करायची तारीख 30 सप्टेंबर 2026 जाहीर केली. इतकी वर्षं प्रकल्प आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं आता स्थलांतर हाच एक मोठा प्रकल्प झाला आहे. त्याचा कन्सल्टंट दिवसाचे पैसे घेतो.

मध्यंतरी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट घ्या, मीटिंगचा सारांश आपोआप निघेल. 2023 पासून त्याचे दर माणशी आणखी 30 डॉलर. म्हणजे प्रकल्प आखायचे 30 आणि तो का रखडला याचा सारांश काढायचे 30. पण विकणाऱ्यांना आता एक वेगळीच चिंता आहे. ही बुद्धिमत्ता खरोखर दोघांचं काम एकात करू लागली, तर डोकी कमी होणार. डोकी कमी तर सीट कमी. म्हणून हळूहळू ‘क्रेडिट’ नावाचं नवं माप येतंय : यंत्रानं जितका विचार केला तितके पैसे. माणसांनी किती विचार केला यावर बिल कधीच निघालं नाही. बहुतेक परवडलं नसतं, म्हणजे त्यांना.

यावर कोणी म्हणेल, मोजूच नका. तसं करणारेही आहेत. बेसकॅम्प वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला महिना 299 डॉलरमध्ये माणसं कितीही आणू देतं. रेडमाइन 2006 पासून फुकट आहे, मुक्त आहे. एक सर्व्हर आणि तो सांभाळणारा एक चिवट माणूस लागतो, इतकंच. अशी नावं समितीत निघाली, की क्षणभर शांतता पसरते. मग साहेब विचारतात, ‘पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ इथे सगळं उलगडतं. एंटरप्राइझच्या रकान्यातला तो न छापलेला आकडा गँट चार्टचा नसतोच. प्रकल्प रखडला, की ‘व्हेंडरकडून तिकीट पेंडिंग आहे’ असं म्हणता येण्याचा तो भाव असतो. त्या हिशेबात दीड कोटी फार नाहीत. फुकटच्या सॉफ्टवेअरवर दोष ढकलता येत नाही.

रिन्यूअलचं तेवढं सांगायचं राहिलं. करार आपोआप वाढतो. नको असेल तर साठ-नव्वद दिवस आधी लेखी कळवायचं. अशी तारीख कोणी विसरू नये म्हणूनच तर सॉफ्टवेअर घेतलेलं असतं, तेव्हा एका हुशार कंपनीनं ती त्यातच टाकून ठेवली : ‘रिन्यूअल – भाव कमी करून मागणे’, प्राधान्य अत्युच्च, रंग लाल, काम पर्चेसच्या एका ज्युनिअरकडे. नव्वदाव्या दिवशी सॉफ्टवेअरनं बिनचूक आठवण पाठवली. त्या ज्युनिअरची सीट मागच्याच बैठकीत बचत म्हणून काढली होती.