जाड पिन

नवा गिझर घ्यायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही कळायला लागतं. आमच्या मुलीला रंग कळला, नवऱ्याला दिवाळीची ऑफर कळली आणि सासूबाईंना माळ्यावरच्या तांब्याच्या बंबाची थोरवी नव्याने कळली. बंबाला म्हणे ना वायर, ना वॉरंटी. चार ढलप्या, दोन गोवऱ्या टाकल्या की नरकचतुर्दशीला अख्खं घर न्हाऊन मोकळं. त्या धुराने पहाटे डोळे कोणाचे चुरचुरायचे ते त्या सांगत नाहीत. अण्णा सांगू शकतील, पण संसाराच्या या टप्प्यावर ते बोलत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वीज मंडळातून निवृत्त. उमेदीची वर्षं खांबावर गेली. दुकानात आम्ही स्टार मोजत होतो तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : आयएसआयचा शिक्का कुठाय आणि वॅट किती? दुकानदार म्हणाला, दोन हजार. "म्हणजे पावणेनऊ अँपियर. मिक्सरच्या पॉइंटवर चालायचा नाही. सोळा अँपियरचा पॉइंट लागेल, वायर जाड लागेल." दुकानदाराने ताबडतोब नवऱ्याशी बोलणं सुरू केलं.

पंधरा लिटर पुरेल का, यावर मात्र घरी परिसंवाद झाला. हिशोब सोपा आहे. साठ अंशांचं पंधरा लिटर पाणी विसणलं की आंघोळीजोगं पस्तीसेक लिटर होतं, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. पुढचं पाणी तापायला साधारण वीस मिनिटं. आमच्या मुलीची आंघोळ त्याहून जास्त वेळ चालते, त्यामुळे हा हिशोब तिला लागू नाही.

गिझर बसवायला आलेला पोरगा चुणचुणीत होता. एका हाताने ड्रिल आणि दुसऱ्या हाताने फोन, दोन्ही सुरू. अण्णा स्टूल घेऊन बाथरूमच्या दारात बसले. पोरगा भिंतीत प्लॅस्टिकचे गट्टू ठोकायला निघाला तसे अण्णा म्हणाले, "अरे, पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो. टाकीचं वजन निराळं. खाली आंघोळीला कोण बसणार आहे, तू?" पोरगा निमूटपणे गाडीतून लोखंडी फास्टनर घेऊन आला.

खरी गंमत पुढे झाली. जुना सॉकेट उघडला तर आतली हिरवी वायर कुठेच जोडलेली नव्हती. तोंडाला टेप गुंडाळून तिला मागे कोंबून ठेवलं होतं, लग्नात रुसलेल्या मामाला शेवटच्या रांगेत बसवतात तसं. आधीचा गिझर याच पॉइंटवर वर्षानुवर्षं चालला होता आणि आम्ही रोज त्याखाली "हर हर गंगे" म्हणत होतो.

"काका, चालतंय की. सगळ्यांकडे असंच असतं."

"सगळ्यांकडे काय असतं ते पेपरात येतं," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी प्लग हातात घेतला आणि आम्हा सगळ्यांचा वर्ग भरवला. तीन पिनांपैकी वरची पिन जाड असते आणि लांबही. जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की प्लग खोचताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. गिझरमधली कॉइल पाण्यातच बुडालेली असते. बोअरच्या पाण्याचे क्षार तिच्यावर बसत जातात, कधीतरी तिचं आवरण फुटतं आणि करंट पाण्यात, टाकीत, नळात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो त्या हिरव्या वायरीने जमिनीत जातो. नसेल तर जमिनीकडे जाणारी दुसरी वायर म्हणजे ओल्या पायांनी नळाला हात लावणारे आपण. "ही पिन जन्मभर काही काम करत नाही," अण्णा म्हणाले, "म्हणून लोक तिला कापतात. पगार मात्र एका दिवसात फेडते."

सासूबाईंनी हळूच विचारलं, "बंबाला पिन नव्हती ना?"

हिरवी वायर जोडून झाल्यावर अण्णांनी कपाटातून आपलं जुनं हत्यार काढलं : होल्डरमध्ये साठचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक फेजला, एक अर्थिंगला लावायची. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग आहे. (हा प्रयोग अण्णांनी करायचा, वाचकांनी नाही.) आम्ही श्वास रोखून बघत होतो. बल्ब पेटायच्या आतच फट्ट आवाज झाला आणि घरातली सगळी वीज गेली. मुलगी किंचाळली, पोरगा स्टुलावरून उडाला. अंधारातून अण्णांचा आवाज आला, "झकास!"

झालं होतं असं, की मीटरजवळच्या बोर्डात आरसीसीबी नावाचा एक स्विच आहे. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा तो सतत ताळा बघतो. तीस मिलिअँपियर जरी वाटेत दुसरीकडे गेले तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. अण्णांच्या बल्बमधून त्याच्या आठ-नऊ पट करंट जमिनीत गेला. म्हणजे वायर पोचते आहे आणि राखणदारही जागा आहे. त्या आनंदात त्यांनी पोराला चहा पाजला.

गिझर सुरू करण्याचाही विधी असतो. आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा, त्यातून अखंड धार आली की टाकी भरली असं समजायचं, आणि मगच बटण. कोरडी कॉइल पेटली तर ती जळून जाते. बादलीत आधी गार पाणी, नंतर गरम. लहान मुलांच्या बाबतीत तर हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं, कारण साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

आठवडाभरात वरच्या मजल्यावरच्या काकू सांगत आल्या, "तुमच्यासारखाच आमचाही नवा आहे, पण खालून ठिबकतो. मी ह्यांना सांगून त्या भोकाला एम-सील लावून टाकलंय." अण्णा जेवणावरून उठले. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटरचं छोटा पेलाभर जास्त होतं. परतीची वाट झडपेने बंद असेल तर ते वाढीव पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. ते बुजवलं तर टाकीतला दाब जाणार कुठे? अण्णांनी वर जाऊन आधी बटण बंद केलं, मग वायरमनला आणि प्लंबरला फोन केला. काका एवढंच म्हणाले, "तरी मी हिला म्हणत होतो." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की सेफ्टी व्हॉल्व्हची खरी गरज कुठे आहे ते कळलं.

आता तुम्ही एक करा. तुमच्या बोर्डात आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण दिसेल. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली तर ठीक आहे. नाही गेली, किंवा बोर्डात असं काही नाहीच, तर गिझर बंद ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवा आणि सॉकेट उघडून हिरवी वायर दाखवायला सांगा. फक्त बटण दाबायची वेळ सासूबाईंच्या मालिकेची नसावी.